पोटाची फाईल, सांध्यांची फाईल: न उलगडणाऱ्या दुखण्याचा माग कसा काढावा

आपल्याकडे पोट दुखलं की पित्त आणि सांधे दुखले की वात. दोन्ही एकदम दुखलं तर वय झालं, आणि वय झालेलं नसेल तर टेन्शन. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी भूगोल शिकवते. चौतिसाव्या वर्षी मला पित्त, वात आणि टेन्शन ही तिन्ही उत्तरं मिळाली होती, तीही तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून. घरी दोन फायली होत्या. हिरवी पोटाची, निळी सांध्यांची. पोटाच्या डॉक्टरांकडे जाताना मी हिरवी घ्यायची आणि हाडांच्या डॉक्टरांकडे निळी. अडीच वर्षं दोन्ही फायली एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. त्यात डॉक्टरांची चूक जेवढी, त्याहून जास्त माझी. कारण पोटाच्या डॉक्टरांना गुडघ्याचं काय सांगायचं, असं मलाच वाटायचं.

ज्यांचं दुखणं अजून कुणाला सापडलेलं नाही आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्यावी हे यात मिळणार नाही. डॉक्टरांपुढे काय घेऊन जावं आणि काय विचारावं, एवढंच मिळेल. सांगली-मिरजेच्या अंगाने लिहिलंय, पण सातारा-कराडकडच्या मंडळींनाही बहुतेक लागू पडेल.

त्याआधी: वही उघडायची नाही, गाडी काढायची

काही दुखण्यांत शोध वगैरे घ्यायला वेळ नसतो. पोट लाकडासारखं कडक झालंय आणि हात लावू देत नाही. संडासवाटे रक्त जातंय, किंवा संडास डांबरासारखी काळी होतेय. उलट्या थांबत नाहीत आणि पोट फुगून वाराही सरत नाही. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात कळ येतेय. एकच सांधा अचानक सुजून लालभडक, गरम झालाय आणि सोबत ताप आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली आहे किंवा बसायची जागा बधिर झाली आहे. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. लहान मुलाच्या पायावर जांभळट ठिपके उठले आणि त्याबरोबर पोट आणि घोटे दुखायला लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, म्हणून लघवी तपासावी लागते.

वजन आपोआप उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारं पोटाचं दुखणं, ही लगेच धावपळ करायची लक्षणं नाहीत, पण ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्यासारखीही नाहीत. सुगी, लग्नसराई, परीक्षा यांपैकी काहीही आड येऊ देऊ नका.

पहिलं काम: वही, आणि दुखण्याला नाव

शंभर पानी साधी वही पुरते. किमान चार आठवडे रोज पाच-सहा ओळी लिहायच्या. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

‘मंगळवार. पहाटे ४ ला मुरडा येऊन जाग. दोनदा संडास, पातळ, आव पडली. उजवीकडे खाली दुखतंय. ६ ला उठले, डावा गुडघा आणि घोटा आखडलेला, मोरीपर्यंत भिंत धरून. सव्वासातला मोकळा झाला. शाळेत चार तास उभी, तेव्हा त्रास नाही. संध्याकाळी पोट गच्च. आमटी-भात. दुखण्याची गोळी १.’

या पानात डॉक्टरांच्या कामाच्या किती गोष्टी आहेत, हे मला फार नंतर कळलं. पहाटे दुखण्याने जाग येणं हे नुसत्या नाजूक पोटाचं सहसा लक्षण नसतं, आत काही सुजलंय का हे बघायला लावणारं असतं. सांधा सकाळी अर्धा-पाऊण तासाहून जास्त आखडलेला राहतो आणि हालचालीने सुटतो, ते सुजेचं दुखणं. उलट सकाळी बरं आणि दिवसभर राबल्यावर, जिने चढल्यावर दुखतं, ते बहुतेक झिजेचं किंवा ताणाचं. म्हणून ‘सकाळी दुखतं’ एवढ्यावर थांबू नका, किती वाजता मोकळं झालं ते घड्याळ बघून लिहा.

शब्दांबाबत मात्र आपण श्रीमंत आहोत आणि दवाखान्यात गेल्यावर गरिबासारखे वागतो. घरी आई विचारते तेव्हा मुरडा, कळ, चमक, ठणका, सणक, जळजळ, आग, तडस, गुबारा असं सगळं सुचतं. डॉक्टरांसमोर बसलो की फक्त ‘दुखतंय’. किंवा त्याहून वाईट, ‘पेन होतंय’. मुरडा म्हणजे पिळवटून येतं आणि संडासला जाऊन आलं की हलकं वाटतं. कळ लाटेसारखी येते आणि जाते. ठणका सुजेच्या जागी नाडीबरोबर लागतो. सणक नसेतून धावते. या प्रत्येक शब्दाने डॉक्टरांच्या डोक्यात वेगळी यादी तयार होते. आपले डॉक्टर इथलेच असतात, त्यांना हे शब्द कळतात. आणि ‘पित्त झालं’ हा शब्द महिनाभर बाजूला ठेवा. डोकेदुखीपासून उलटीपर्यंत आणि अंगावरच्या गांधींपासून छातीतल्या जळजळीपर्यंत सगळ्याला आपण पित्तच म्हणतो, त्यातून ऐकणाऱ्याला काही हाती लागत नाही.

बायकांनी पाळीच्या तारखा त्याच वहीत लिहाव्यात. दर महिन्याला पाळीच्या आगेमागेच पोट, कंबर आणि संडासच्या वेळचं दुखणं उचल खात असेल, तर गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, म्हणजे एंडोमेट्रिऑसिस, विचारात घ्यावा लागतो. ‘पाळीत दुखायचंच’ या वाक्याखाली तो वर्षानुवर्षं दबून राहतो.

पाच आठवड्यांनी मी वही उलटी वाचली तेव्हा एक गोष्ट दिसली. आधी पोट बिघडायचं, आणि दोन-तीन दिवसांनी गुडघा-घोटा धरायचा. दर वेळी. दोन फायलींचं दुखणं एकच असू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दुसरं काम: सगळं एका पानावर

वही डॉक्टरांना वाचायला द्यायची नसते. ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. वहीवरून एक पान तयार करा: त्रास कधी सुरू झाला, कसा वाढला, आजवर कुठली औषधं घेतली, कुठल्या तपासण्या झाल्या. पोट आणि सांधे एकाच पानावर. दुसऱ्या कागदावर ढकलायचं नाही.

मग त्या पानाच्या खालच्या अर्ध्यात असं लिहा, जे तुम्हाला या दुखण्याशी संबंधित वाटतच नाही. डोळा लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन होत नव्हता का? तोंडात वरचेवर फोड येतात का? टाच दुखते का? कातडीवर पांढऱ्या खपल्यांचे चट्टे, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी? भाऊबंदांत कुणाला सोरायसिस, आमवात किंवा पाठ वाकवणारा सांध्यांचा आजार? आमच्या घरी चुलत्यांची मान वळत नाही, ते पूर्ण अंगानेच मागे बघतात. आम्ही त्यांना ‘ताठ तात्या’ म्हणायचो. तो आजार असू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मला हा डोळ्याचा प्रश्न एका मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारला. ‘मॅडम, डोळा लाल झाला होता का कधी?’ दीड वर्षापूर्वी झाला होता, डोळे आलेत म्हणून मी थेंब घालून मोकळी झाले होते. तिने पेन खाली ठेवलं आणि आत सरांना बोलवायला गेली.

आपल्या भागात या अर्ध्या पानावर आणखी तीन गोष्टी याव्यात.

पहिली जनावरं. घरी गाई-म्हशी असतील, कुठली गाभडली असेल, तुम्ही स्वतः वार काढली असेल किंवा विण्याच्या वेळी हात घातला असेल, तर सांगा. धारोष्ण दूध पीत असाल तेही सांगा. तालमीतल्या पोरांना ते अमृत म्हणून पाजतात, पण ब्रुसेलोसिस नावाचा आजार जनावराकडून माणसात अशाच वाटांनी येतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि खुबे धरतात, भूक मरते, पोटही दुखू शकतं. त्याची रक्ताची तपासणी वेगळी असते. गोठ्याचा विषय निघाल्याशिवाय ती लिहून देण्याचं कुणाला सुचेल असं नाही. सापडला तर औषधं आहेत, काही आठवड्यांचा कोर्स पुरा करावा लागतो. आणि दूध उकळून प्यायलं की पुढचा धोका टळतो.

दुसरी गोष्ट धंदा. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पसरली आहेत. चांदी शुद्ध करताना शिसं वापरलं जातं, भट्टीचा धूर छातीत जातो. बॅटरीच्या कामातही तेच. शिसं अंगात साठलं की पोटात जबर कळा, बद्धकोष्ठ, सांधे आणि स्नायूंचं दुखणं, रक्त कमी होणं, असं सगळं एकत्र दिसतं. गावी सुट्टीवर आलेला माणूस पोटाची सोनोग्राफी करून परत जातो, आणि सोनोग्राफीत शिसं दिसत नाही. रक्तातल्या शिशाची तपासणी नाव घेऊन मागावी लागते. काही भस्मं आणि रसौषधींतूनही शिसं पोटात गेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा तेही लपवू नका.

तिसरी, आधीचा ताप. चिकुनगुन्या २००६ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला आणि तेव्हापासून अधूनमधून येतच असतो. त्यानंतर सांधे काही महिने धरून राहू शकतात. तसंच जुलाबाच्या जोरदार आजारानंतर एक ते चार आठवड्यांनी गुडघा किंवा घोटा सुजणं, हाही ओळखीचा प्रकार आहे. पोटातल्या जंतूंशी लढता लढता शरीर सांध्यांवर उलटतं.

तिसरं काम: गोळ्यांचा हिशेब

सांधे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, त्याने जठरात आग पडली म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी, पोट तरी दुखतंच म्हणून आणखी एक, आणि सांधे थांबले नाहीत म्हणून परत डायक्लोफेनॅक. या चक्रात मी सव्वा वर्ष होते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्यांनी जठराला आणि आतड्यालाही जखमा होऊ शकतात, आतड्याची सूज आधीच असेल तर ती वाढू शकते, आणि जास्त दिवस घेतल्या तर मूत्रपिंडाचंही बघावं लागतं. म्हणून काही वेळा पोटदुखीचं उत्तर पर्समधल्या पाकिटातच असतं. महिन्यात किती गोळ्या झाल्या याचा खरा आकडा डॉक्टरांना सांगा. मेडिकलवाल्याने ‘चांगली आहे, घ्या’ म्हणून दिलेल्याही त्यात धरा.

पुड्यांचं वेगळं सांगते. सांधेदुखीवर कागदाच्या पुडीतून भुकटी मिळते, दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागतो आणि गावभर नाव होतं. इतक्या झटपट गुणामागे बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, जाणत्या डॉक्टरांच्या हातात ते जीव वाचवतं. पण नकळत महिनोन् महिने पोटात गेलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि तपासणीत खरा आजार झाकला जातो. पुडी बरेच दिवस चालू असेल तर एका दिवसात बंदही करू नका. तीच पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना राग आला तरी चालेल.

चौथं काम: कुणाच्या दारात आधी जायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून. त्यांच्याकडून चार-सहा आठवड्यांत उलगडा झाला नाही, तर एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जायची आपली सवय आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टर मुळात शस्त्रक्रियेचे, मोडलेलं-झिजलेलं दुरुस्त करणारे. सांध्यांची सूज जेव्हा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून येते, तेव्हा तो प्रांत रूमॅटॉलॉजिस्टचा, आणि आतड्यांचा प्रांत गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टचा. हे तज्ज्ञ कमी आहेत आणि काही जण बाहेरगावाहून ठरावीक वारीच येतात, तेव्हा आधी फोन करून वार विचारा. दोघांपैकी आधी कोण, हे फिजिशियनना ठरवू द्या, आणि त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठीत पोट आणि सांधे दोन्ही शब्द आलेत ना, हे तिथेच वाचून बघा.

आपण एका बाबतीत नशीबवान आहोत. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखतात. कर्नाटकातूनही इतके पेशंट येतात की रांगेत निम्मं कानडी ऐकू येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत १९६२ पासून आहे, त्याचं रुग्णालय सांगलीतही आहे. सांगलीत भारतीचं, कराडला कृष्णाचं मेडिकल कॉलेज आहे, आणि सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय जवळ. मेडिकल कॉलेजचा एक फायदा लोक विसरतात. तिथे पोटाचा, सांध्यांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा विभाग एकाच आवारात असतो, आणि शिकणारी मुलं प्रश्न जास्त विचारतात. मला तरी उत्तर तिथूनच मिळालं.

सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढा, कारण ओपीडी बहुतेक दुपारपर्यंतच. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली आणि डबा बरोबर असू द्या. पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस न्या. ‘झोपेत कण्हते’ हे माझ्या नवऱ्याने सांगितलं, मला माहीतच नव्हतं.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे थोडं शुल्क पडतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी. ओपीडीतल्या तपासण्यांचा खर्च त्यात निघेल असं धरून चालू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा काउंटर असतो, तिथे आधी विचारा आणि मगच दाखल व्हा.

पाचवं काम: तपासण्या, पण क्रमाने

‘सगळंच करून टाका एकदा’ म्हणून फुल बॉडी पॅकेज घेणाऱ्यांना मी हल्ली हात जोडते. त्यात पन्नास-साठ आकडे येतात, दोन-तीन हमखास लाल अक्षरांत, आणि मग महिनाभर त्या लाल आकड्यांचा पाठलाग. व्हिटॅमिन डी तर आमच्या स्टाफरूममध्ये बहुतेकांचं कमी निघालं. ते भरून काढावं, पण ते कमी निघालं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही.

डॉक्टर साधारणपणे साध्यापासून सुरू करतात: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, यकृत-मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, लघवी, संडास. लोकांना संडासचा नमुना द्यायची लाज वाटते आणि तीच एक तपासणी राहून जाते. संडासमधलं कॅलप्रोटेक्टिन बघितलं तर आतड्याला खरी सूज आहे का, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मात्र दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही वाढलेलं दिसू शकतं, म्हणून सांगून द्या.

सोनोग्राफीवर आपला फार विश्वास. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय यांसाठी ती उत्तम. पण आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे व्रण तिच्यात दिसत नाहीत. माझ्या चार सोनोग्राफ्या नॉर्मल होत्या, त्याही चार वेगवेगळ्या ठिकाणी, कारण दर वेळी मी जुनी घरी विसरायची. एका ठिकाणी अपेंडिक्सची शंका काढून ऑपरेशनची तारीखही दिली होती. दुखणं उजवीकडे खालीच होतं ना. माझ्या आत्याने मोडता घातला म्हणून वाचले.

सांध्यांच्या रक्ततपासण्यांत आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, एचएलए-बी२७ ही नावं येतील. यातली कुठलीही एकटी पॉझिटिव्ह आली म्हणून आजार ठरत नाही. आरए फॅक्टर निरोगी माणसातही, विशेषतः वय वाढल्यावर, पॉझिटिव्ह येऊ शकतो. एचएलए-बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. उलट निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असंही नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर तुम्ही काय वेगळं कराल आणि निगेटिव्ह आली तर काय? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर पैसे वाचवा.

गव्हाचं जरा सविस्तर. कुणीतरी सांगतं, गहू सोडा, सांधे मोकळे होतील. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर खरोखरच झिजतं, आणि पोटाबरोबर सांधेदुखी, रक्त कमी होणं हेही दिसतं. उत्तर भारतात तो जास्त सापडतो. पण त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. दोन महिने चपाती सोडून मग रक्त दिलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा आधी तपासणी, मग पथ्य. निदान झालंच तर आपल्याकडे शाळूची भाकरी आहे, बाजरी आहे, भात आहे, उपाशी कुणी मरत नाही. अडचण गिरणीत येते. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते आणि पहिल्या शेर-दोन शेर पिठात गहू येतोच. वेगळी गिरणी शोधा, नाहीतर घरघंटी घ्या. बाजारच्या बांधानी हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं, हे आमटीत हिंग टाकताना कुणाच्या ध्यानात येतं?

कोलोनोस्कोपीची रात्र

कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेरा लावलेली नळी संडासच्या जागेतून आत घालून आतडं आतून बघायची तपासणी. हे नाव ऐकून लोक पळतात, म्हणून सगळं सांगते. प्रत्यक्ष तपासणीचं मला फारसं काही आठवत नाही, गुंगी दिली होती. आठवते ती आदली रात्र. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, बिया, साली बंद. आदल्या दिवशी नुसतं पातळ: गाळलेलं सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नाही, कारण लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो. मी मिरजेला बहिणीकडे उतरले होते. संध्याकाळी दोन लिटर पाण्यात पावडर कालवून थोडं थोडं प्यायचं होतं, चव खारट आणि कोमट समुद्रासारखी. तिसऱ्या पेल्यानंतर सुरू झालं. दोन खोल्यांचं घर, एक संडास, आणि भाऊजींचे मित्र नेमके गप्पा मारायला आलेले. बहिणीने त्यांना चहा देऊन अर्ध्या तासात कसं वाटेला लावलं ते तिलाच ठाऊक.

काम सोपं करायचं असेल तर पावडर थंड करून प्या, मध्ये लिंबाची फोड चोखा, आणि रात्री संडासजवळच अंथरूण टाका. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं असतील तर तारीख घेतानाच सांगा. परत येताना कुणीतरी सोबत हवं, त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत बघणार का, आणि तपासायला आतड्याचा बारीक तुकडा (बायोप्सी) काढणार का, हे आधी विचारून घ्या. माझा आजार नेमका त्या टोकाला होता.

व्रण दिसले म्हणजे नाव लगेच कळलं असं होत नाही. आपल्या देशात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हा सुजेचा आजार, दोन्ही बरेचदा त्याच जागी होतात आणि दिसायलाही सारखे. उपचार मात्र उलट्या टोकाचे. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात आणि टीबीत तीच घातक. म्हणून तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीही जातो आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीलाही. तरीही नक्की झालं नाही तर डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन काही आठवडे वाट बघू शकतात. याला चालढकल समजू नका. टीबी निघालाच तर औषधं सरकारकडून मोफत मिळतात, आणि टीबीनेही सांधे दुखतात.

माझं क्रोन्स निघालं. गुडघा, घोटा, डोळा, सगळं त्याच धाग्याचं.

रिपोर्ट नॉर्मल आले तर

खूप जणांचे येतील. मलाही एका केबिनमध्ये ‘शाळेचं टेन्शन असेल’ असं सांगून पाठवलं होतं, आणि मी जिना उतरताना रडले होते. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की या तपासणीत, या दिवशी, अमुक आजार दिसला नाही. कितीतरी आजार हळूहळू उघडे पडतात. त्याचबरोबर, आतड्यांची आणि नसांची संवेदनाच वाढलेली असते असेही प्रकार आहेत: आतड्यांचा आयबीएस, आणि अंगभर दुखण्याचा फायब्रोमायल्जिया. ते बरेचदा जोडीने येतात. त्यात रिपोर्ट नॉर्मलच असतात आणि दुखणं मात्र खरं असतं. झोप, हळूहळू वाढवलेला व्यायाम, आहारातले बदल, काही औषधं यांनी त्यात फरक पडतो. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं तर लगेच रागावू नका, दुखण्याची तार मेंदूपर्यंत जाते आणि तिथूनही तिचा ताण कमी करता येतो. फक्त ‘टेन्शन आहे’ एवढं म्हणून दार बंद होत असेल, तर तीन प्रश्न विचारून मगच उठा: आतापर्यंत कुठले आजार नाहीत असं ठरलं? कुठलं लक्षण नवीन दिसलं तर मी परत यायचं? आणि काहीच झालं नाही तरी किती महिन्यांनी यायचं?

समाधान झालं नाही तर दुसरं मत जरूर घ्या, पण एकच, आणि जुन्या कागदांसकट. दर महिन्याला डॉक्टर बदलला की प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरू करतो.

कागद मागायला संकोच नको. उपचारांच्या नोंदी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ पासूनचा नियम आहे. साधा लेखी अर्ज करा, पोच घ्या. सोनोग्राफीच्या चकचकीत कागदावरचं चित्र वर्ष-दोन वर्षांत पुसट होतं, म्हणून आल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि तिचा लॅबमधला नंबर जपून ठेवा. नंबर असेल तर तोच तुकडा दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवता येतो, परत कोलोनोस्कोपी करावी लागत नाही.

माझी निळी फाईल आता मुलीच्या चित्रांसाठी आहे. त्यातले कागद तारखेप्रमाणे हिरवीत लावले, सगळ्यात वर ते एक पान. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीत मिळाली आहे.